'ड्यूकल' आणि 'दुकूल': नुसता उच्चार जुळला म्हणून नातं होत नाही

परवा भाचीने अकरावीच्या प्रकल्पाची वही दाखवली. व्हेनिसच्या 'पलात्सो दुकाले'चं चित्र, आणि खाली सुवाच्य अक्षरात ओळ: 'ड्यूकल पॅलेस म्हणजे दुकूल नेसणाऱ्या सरदारांचा महाल.' "कुठून आणलंस हे?" विचारलं, तर तिने आजोबांनी पाठवलेला संदेश उघडून दाखवला. तोच संदेश महिन्याभरात मला चार गटांतून आला होता आणि मी दुर्लक्ष करून सोडून दिला होता. आता मुलीच्या वहीत उतरल्यावर गप्प बसणं शक्य नाही.

संदेशाचं म्हणणं असं: इंग्रजी 'ड्यूकल' हा शब्द संस्कृत 'दुकूल' म्हणजे तलम वस्त्र यावरून निघाला. दुकूल नेसणारे ते ड्यूक. ड्यूक म्हणजे आपले देशमुख. ड्यूकल म्हणजे कुठलंही खानदानी, सरदारी. आणि शेवटी पुरावा म्हणून मराठे आणि इंग्रज यांच्यातल्या असईच्या लढाईतला 'ड्यूक' वेलिंग्टन.

आधी दुकूल, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. 'ड्यूकल' म्हणजे ड्यूकचा किंवा ड्यूकसंबंधीचा. लॅटिन 'दुकालिस' फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचं मूळ 'दुक्स', म्हणजे पुढे राहून नेणारा, आणि त्याच्याही मागे 'दूकेरे' हे क्रियापद: नेणं. हा कुणाचा तर्क नाही, वापराचे लेखी पुरावे आहेत. 'नोटिटिया डिग्निटाटम' ही रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातली, इसवी सन 400 च्या आसपासची अधिकाऱ्यांची यादी आजही उपलब्ध आहे. तीत 'दुक्स' येतात ते सरहद्दीवरच्या सैन्याचे अधिकारी म्हणून. ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या फौजेचा प्रमुख 'दुक्स ब्रितानिआरुम' याच यादीत आहे. हा माणूस काय नेसतो यावरून त्याला नाव मिळालेलं नाही, तो शिपायांना घेऊन पुढे जातो यावरून मिळालं आहे.

जर्मन भाषेत ड्यूकला 'हेर्त्सोग' म्हणतात. 'हेअर' म्हणजे सैन्य, आणि 'त्सोग' हा ओढणं, नेणं या अर्थाच्या धातूतला, लॅटिन 'दूकेरे'चा सख्खा नातेवाईक. सैन्याला नेणारा. आता संस्कृतकडे या: सेनेला नेतो तो सेनानी. 'नी' धातूतूनच नायक, नेता. ड्यूकला संस्कृतात जोडीदार हवाच असेल तर तो हा आहे, अर्थाने तंतोतंत, आणि त्यासाठी कुठलीही ओढाताण करावी लागत नाही. रक्ताचं नातं मात्र इथेही नाही. दोन भाषांनी एकाच कल्पनेला आपापल्या धातूंतून शब्द घडवले, एवढंच. संस्कृत आणि लॅटिन बहिणी आहेत, हे संदेशातलं वाक्य खरं आहे, मान्य. 'दश' आणि 'देकेम', 'द्वि' आणि 'दुओ' ही नाती ध्वनींच्या ठरलेल्या नियमांनी सिद्ध होतात. पण बहिणी आहेत म्हणून एकीच्या घरातली प्रत्येक वस्तू दुसरीकडून आली, असं होत नाही.

आणि दुकूलाचं काय केलं या लोकांनी? अमरकोशात दुकूल क्षौमाच्या जोडीला येतं, म्हणजे झाडाच्या तंतूंचं तलम वस्त्र. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषातले शंकर पार्वतीला विचारतात, हंसांची चित्रं असलेलं नववधूचं दुकूल आणि रक्त ठिबकणारं गजचर्म, या दोघांची गाठ कशी बसायची? इतका देखणा शब्द, आणि त्याची ओळख काय करून देताय मुलांना? इंग्रजी सरदारांच्या कपड्यांचा बाप म्हणून? मला याचा राग येतो. संस्कृतचा मान वाढवायचा म्हणून लिहिलेल्या या संदेशाने संस्कृतचा खरा शब्दच झाकून टाकला.

'दूकेरे'ची लेकरं तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. एसटीचा कंडक्टर त्याच धातूतला. इमारतीतला डक्टही. हे भाचीला सांगितलं तेव्हा तिला ते दुकूलापेक्षा जास्त आवडलं.

ड्यूक म्हणजे देशमुख? नाही. देशमुख हा परगण्याचा वतनदार, महसुलाशी बांधलेला. ब्रिटनमध्ये ड्यूक हा सरदारकीतला सर्वांत वरचा दर्जा, आणि इंग्लंडमधला पहिला ड्यूक 1337 साली झाला तो राजाचा थोरला मुलगा, ड्यूक ऑफ कॉर्नवॉल. दोन्हीकडे कामावरून पडलेलं नाव पुढे घराण्यात वारशाने चालत राहिलं, एवढं साम्य आहे.

ड्यूकल म्हणजे कुठलंही सरदारी, हेही चूक. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशा पाच पायऱ्या आहेत. बॅरनच्या गोष्टीला 'बॅरोनियल' म्हणतात, ड्यूकल नाही. एक अपवाद नाइलाजाने मान्य करते: कुलचिन्हांच्या भाषेत 'ड्यूकल मुकुट' नावाची एक आकृती आहे आणि ती ड्यूक नसलेल्यांच्या चिन्हांतही दिसते. पण ते त्या आकृतीचं नाव आहे, त्यावरून शब्दाचा अर्थ सैल होत नाही.

राहिला वेलिंग्टन. 23 सप्टेंबर 1803 ला असईला लढला तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली; वेलिंग्टन ही त्याची पुढची पदवी. 1809 मध्ये व्हायकाउंट, 1812 मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्वेस, आणि ड्यूक थेट 1814 मध्ये. असईनंतर अकरा वर्षांनी. खंडाळ्याच्या नागफणीला 'ड्यूक्स नोज' म्हणतात ते याच्याच नाकावरून, पण म्हणून असईच्या रणावर ड्यूक उभा होता असं होत नाही.

आणि तो व्हेनिसचा महाल. तिथे राहणारा 'दोजे', हेही 'दुक्स'चंच व्हेनिसमधलं रूप. व्हेनिस प्रजासत्ताक होतं आणि दोजे निवडला जायचा. 1268 पासून चिठ्ठ्या आणि मतदानाच्या कित्येक फेऱ्यांनंतर उरलेले 41 जण त्याला निवडत. शेवटचा दोजे 1797 साली पायउतार झाला. भाचीने वहीतली ओळ खोडली आहे. आता तिथे लिहिलंय: 'दोजेचा प्रासाद. दोजे म्हणजे पुढे नेणारा.' आजोबांना ते पान मी आजच पाठवते आहे.