लाल पाणी म्हणजे रक्तस्रावच, असं नाही

‘कर्करुग्णाच्या छातीतून लाल पाणी निघालं की आत रक्तस्राव सुरू आहे असं समजावं,’ हे लेखातलं वाक्य खटकलं. आमच्या आत्याला स्तनाचा कर्करोग. धाप लागली म्हणून गारगोटीहून कोल्हापुरात आणलं, फुफ्फुसाभोवती साठलेलं, सुईनं काढलेलं पाणी लालभडक, आणि मामांनी लगेच रक्तदात्यांना फोन लावायला घेतले. डॉक्टरांनी मात्र आधी त्या पाण्यातलं हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, तपासायला पाठवलं. ते रुग्णाच्या रक्तातल्या हिमॅटोक्रिटच्या निम्मं किंवा त्याहून जास्त भरलं, तर त्याला हिमोथोरॅक्स, म्हणजे छातीत रक्त साठणं, म्हणतात. आत्याचं जवळपासही नव्हतं. कर्करोगामुळे साठणारं पाणी पुष्कळदा लालसर असतंच. जरासं रक्त बरंच पाणी रंगवतं.

आणि खरोखर रक्तस्राव असला, तरी छातीत नळी घातली की काम झालं असं नसतं. नळीनं साठलेलं रक्त बाहेर येतं, फुफ्फुस उघडतं, किती वाहतंय ते कळतं. केमोनं प्लेटलेट्स उतरल्यात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे बघावंच लागतं. (कर्करुग्णांत पायात गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे ही गोळी बऱ्याच जणांच्या पिशवीत असते, फक्त घरच्यांना तिचं नाव सांगता येत नाही.) सुरुवातीलाच दीड लिटर, किंवा तासाला २०० मिली असं काही तास वाहिलं तर शस्त्रक्रिया, हे आकडे मुळात अपघातातल्या जखमींवरून आलेत. आजार पसरलेल्या, खंगलेल्या माणसाला छाती उघडणं झेपेल का? रक्त गळणारी वाहिनी आतूनच बंद करण्याचा, एम्बोलायझेशनचा, मार्ग काहींना चालतो. लेखात त्याचा उल्लेखही नाही.