सातव्या राउंडवरून भांडणाऱ्यांनो, ऑगस्टपर्यंत थांबा

एप्रिलअखेरच्या ज्या शनिवारी एनएफएल ड्राफ्टचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या खेळाडू-निवडीचा, तिसरा दिवस असतो, त्या सकाळी नऊ वाजता आमच्या कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या घरी पोहे आणि भांडण असा बेत असतो. पोहे मी करते. भांडायला नागपूर, सोलापूर, डोंबिवली अशी सगळीकडची मंडळी येतात, सगळी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाची भक्त. गुरुवारी पहिला राउंड आणि शुक्रवारी दुसरा-तिसरा, तेव्हा कोणी फारसं भांडत नाही, कारण ती नावं महिनाभर टीव्हीवर गाजत असतात. जुंपते ती शनिवारी, चौथ्या ते सातव्या राउंडला. सकाळपर्यंत ज्या पोराचं नावही कोणी ऐकलेलं नसतं, त्याच्याबद्दल दुपारी प्रत्येकाचं ठाम मत झालेलं असतं.

यंदा सहाव्या राउंडला सोलापूरकरांनी रिमोट सोफ्यावर आपटला. "काय ओ ताई हे! आपल्याला पुढच्या फळीतला लाईनमन पाहिजे होता, अन् ह्यांनी कोण उचलला बघा." नागपूरकर लगेच, "गरज पाहून नाही घेत बाप्पा, गुण पाहून घेतात." दोघांनी मिळून त्या पोराची एकच यूट्यूब क्लिप पाहिली होती, दीड मिनिटाची, तीही ढोलताशासारखं संगीत लावलेली. त्यात तो एकदाही पडत नाही, चुकत नाही. अशा क्लिपमध्ये मीसुद्धा चांगली दिसेन.

म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की शेवटच्या राउंडांत कोणाला घेतलं यावरून एप्रिलमध्ये घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. भांडायचंच असेल तर ऑगस्टमध्ये भांडा.

कोल्हापूरच्या माझ्या लोकांसाठी आधी थोडं सांगते, नाहीतर शाहू स्टेडियमवर काय झालं म्हणून फोन येतील. हा फुटबॉल तो नव्हे. आमच्या अण्णांच्या लेखी संघ म्हणजे पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस. तालमीचा संघ, पेठेची पोरं, आणि त्यावरून होणारी पेठापेठांतली खुन्नस. इथं तसं नाही. ३२ संघ, सात राउंड, आणि कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं संघांनी आळीपाळीने निवडायची. गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळला त्याचा पहिला नंबर, जिंकला त्याचा शेवटचा. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "हरणाऱ्याचं पान आधी वाढायचं? उलटी पंगत हाय की तुमची." सातवा राउंड म्हणजे त्या पंगतीचं पातेलं खरवडणं. तिथं संघाला विचार करायला चारच मिनिटं मिळतात. सगळ्यात शेवटी निवडला जाणाऱ्याला 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे बिनमहत्त्वाचे श्रीयुत. पॉल सलाटा नावाच्या जुन्या खेळाडूने १९७६ पासून त्याचा सत्कारच सुरू केला, दक्षिण कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला. त्याला जो करंडक देतात त्यावरच्या पुतळ्याच्या हातातून चेंडू निसटतोय. सलाटा स्वतः एके काळी आमच्याच नायनर्सकडून खेळलेला, हा योगायोग पुढे कामाला येणार होता.

३० एप्रिल २०२२. तिसरा दिवस लांबला म्हणून मी टीव्ही बंद करून भाजी आणायला गेले होते. कोथिंबीर निवडत होते तेव्हा नवऱ्याने फोनमध्ये बघून सांगितलं की शेवटचा, २६२ वा, आपणच घेतला. आयोवा स्टेट कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा. मी म्हटलं, "अजून एक क्वार्टरबॅक कशाला? ट्रे लान्स आहे की." लान्स आहे की! वर्षभरापूर्वी त्या लान्ससाठी नायनर्सनी मायामीला आपला २०२१ चा पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे निवडीची पाळी, शिवाय २०२२ आणि २०२३ चेही पहिल्या राउंडचे पिक देऊन टाकले होते, वर एक तिसऱ्या राउंडचा. तिसऱ्या नंबरवर घेतलेला पोरगा. आणि हा २६२ वा ब्रॉक पर्डी. मी हसले आणि पालक बघायला गेले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याच मोसमात लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये दुसऱ्या क्वार्टरबॅकचं, गॅरोपोलोचं, पाऊल मोडलं, आणि पर्डी मैदानात उतरला. पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो टॅम्पा बेच्या, म्हणजे ज्याला आजवरचा सगळ्यात थोर क्वार्टरबॅक मानतात त्या टॉम ब्रॅडीच्या विरुद्ध. ३५-७. जानेवारी २०२४ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध अर्ध्या वेळेला ७-२४ असा मागे होता आणि ३४-३१ ने जिंकला. मग सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत २२-२५ असा हरलो, त्यावर मी अजून बोलत नाही. लान्सला २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॅलसला दिलं. बदल्यात काय मिळालं, तर एक चौथ्या राउंडचा पिक.

आता आमच्याकडे दर शनिवारी हीच गोष्ट हत्यारासारखी निघते. नागपूरकर म्हणतो, आपले मॅनेजर लिंच आणि कोच शॅनहान यांची नजर बघा, तळातून हिरा काढतात. मी म्हणते, थांब. त्या वर्षी नायनर्सकडे नऊ पिक होते. पर्डी नववा. म्हणजे ज्यांची नजर इतकी तीक्ष्ण, त्यांनीच त्याला आठ वेळा सोडलं. ६१ व्या नंबरला सोडलं, १०५ ला सोडलं, २२१ ला सोडलं. हिरा आहे हे खरंच कळलं असतं तर २२१ पर्यंत तोंड मिटून बसले असते का? कोणालाच माहीत नव्हतं. बाकीच्या ३१ संघांना नाही आणि यांनाही नाही.

ब्रॅडीचंही तेच. २००० साली १९९ वा, सहावा राउंड. त्याला घेणाऱ्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याच्याआधी सहा जण घेतले होते. आपल्या बे एरियात तर ही गोष्ट जास्तच बोचते. ब्रॅडी सॅन मॅटिओचा, म्हणजे माझ्या ऑफिसच्या वाटेवरचा. लहानपणी घरचे नायनर्सच्या जुन्या मैदानावर, कँडलस्टिकला, सामने बघायला न्यायचे. १९८२ च्या जानेवारीतला नायनर्सच्या ड्वाइट क्लार्कचा जो झेल इथे देवघरातल्या तसबिरीसारखा लोकांच्या घरी टांगलेला असतो, तो या पोराने चार वर्षांचा असताना तिथं बसून पाहिलेला. २००० मध्ये नायनर्सना क्वार्टरबॅक हवाच होता. त्यांनी तिसऱ्या राउंडला, ६५ व्या नंबरवर, जिओव्हानी कार्माझी नावाचा पोरगा घेतला. त्याला मोसमातला एकही सामना खेळायला मिळाला नाही. दारातला आंबा सोडून बाजारातला घेतला, असं म्हणायचा मोह होतो. पण त्या एप्रिलमध्ये तो आंबा आहे हे कोणाला दिसत होतं? त्याची ती धावण्याची चाचणी बघा एकदा. चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत. आमच्या सोसायटीच्या स्पोर्ट्स डेला काका लोक त्याहून बरे पळतात. (नाही पळत. पण त्यांना तसं वाटतं.)

रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी केड मॅसी यांच्याबरोबर या ड्राफ्टचाच अभ्यास केलेला आहे. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांच्या हिशोबात ५२ टक्के आली. नाणेफेकीपेक्षा दोन टक्के जास्त. आणि हे करोडो डॉलर्स खर्चून, वर्षभर गावोगाव माणसं पाठवून. मग सोफ्यावर पोहे खाणाऱ्या आपली टक्केवारी काय असेल?

म्हणून तळाच्या राउंडांत 'कोण' यापेक्षा मला 'किती' महत्त्वाचं वाटतं. पाचव्या-सहाव्या राउंडला दोन पिक देऊन एखादा संघ वर सरकतो तेव्हा मी चिडते, कारण लॉटरीच्या दोन चिठ्ठ्या देऊन त्याने एक घेतली आणि ती जास्त लागेल असं स्वतःला पटवलं. याउलट खाली सरकून जादा पिक घेतले की आमच्याकडे सगळे हळहळतात आणि मी दुसरा चहा टाकते.

आता ऑगस्ट. एप्रिलमध्ये निवडलेली, कोणीच न निवडता नंतर करारावर आलेली आणि जुनी अशी ९० माणसं सरावाला असतात. ऑगस्टच्या अखेरीस त्यातली ५३ ठेवायची. बाकीच्यांना सोडलं की दुसरा कुठलाही संघ त्यांना उचलू शकतो; कोणीच उचललं नाही तर सराव पथकात घेता येतं. सातव्या राउंडचा पोरगा खऱ्या अर्थाने या दिवशी निवडला जातो किंवा जात नाही. पेट्रियट्सनी २००० च्या मोसमात एक-दोन नव्हे, चार क्वार्टरबॅक ठेवले होते. चौथा ब्रॅडी. ५३ मधली एक जागा एका हडकुळ्या पोरावर अडवून ठेवायची, जो त्या वर्षी जवळजवळ खेळणारच नाही, हा निर्णय १९९ व्या नंबरपेक्षा कितीतरी धाडसाचा होता. त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्याचं टीव्हीवर प्रक्षेपण नसतं.

पर्डीच्या बाबतीतही ऑगस्ट २०२२ बघा. राखीव क्वार्टरबॅक म्हणून नेट सडफेल्ड होता, अनुभवी, आणि त्याला खेळवा की घरी बसवा, सुमारे २० लाख डॉलर्स द्यायचेच होते. नायनर्सनी ते पैसे सोडले, सडफेल्डला सोडलं आणि पर्डीला ठेवलं. लिंच-शॅनहानला शाबासकी द्यायची असेल तर ती इथं द्या. चार महिने रोज सरावात बघून घेतलेला निर्णय होता तो.

आणि शिव्या द्यायच्या असतील तर त्याही ऑगस्टच्याच द्या. डी. जे. रीड, २०१८ चा पाचव्या राउंडचा. २०२० मध्ये छातीच्या स्नायूला दुखापत झाली म्हणून ऑगस्टमध्ये त्याला यादीतून काढलं, वाटलं असेल कोण घेतोय जखमी माणसाला. आपल्या हाडवैरी सिअॅटलने घेतला. सिअॅटल! आणि तिथं तो इतका चांगला खेळला की आमच्या घरात त्याचं नाव निघालं की सोलापूरकर उठून पाणी प्यायला जातात.

इथं सोलापूरकरांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ते म्हणतात, सगळं नशीबच असेल तर आपल्या पाचव्या राउंडचं काय? २०१७ ला जॉर्ज किटल, १४६ वा. (किटलच्याच कॉलेजातला, आयोवाचा, क्वार्टरबॅक बेथर्ड आपण त्याच्याआधी घेतला, १०४ वा. बसमध्ये शेजारी बसलेल्यातला चुकीचा आधी.) २०१९ ला ड्रे ग्रीनलॉ, १४८ वा, त्याच वर्षीच्या शेवटच्या साखळी सामन्यात सिअॅटलच्या हॉलिस्टरला गोल रेषेच्या वीतभर अलीकडे ज्याने आडवा केला तो. २०२० ला मॅककिव्हिट्झ. २०२१ ला लेनोर आणि हुफांगा, दोघेही पाचव्याच राउंडचे. इतकी नाणी एकाच बाजूला पडतात का? मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं यात निवडीपेक्षा मशागत जास्त आहे. हे संघ म्हणून बचावातली, म्हणजे लाईनबॅकर आणि मागच्या फळीतली, पोरं घडवतात, त्यांना लवकर मैदानात उतरवतात. कारण नजरच असती तर २०२३ ला काय झालं? त्या पाचव्या राउंडला नायनर्सनी दोघे घेतले, १५५ वा आणि १७३ वा. चार नंबर नंतर, १७७ व्या नंबरवर, आपल्याच गटातल्या रॅम्सनी पुका नाकुआ घेतला. पहिल्याच मोसमात १०५ झेल आणि १,४८६ यार्ड, दोन्ही तेव्हाचे नवख्यांसाठीचे विक्रम. ती नजर तेव्हा चहा प्यायला गेली होती बहुतेक.

त्याच वर्षी तिसऱ्या राउंडला, ९९ व्या नंबरवर, नायनर्सनी किकर, म्हणजे फक्त चेंडूला लाथ मारणारा, घेतला होता. तिसऱ्या राउंडला किकर! या एका गोष्टीवर आमच्या घरात पूर्ण एकमत झालं, ते शिवजयंतीच्या तारखेवरही होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, मोसमाच्या पहिल्याच सामन्यानंतर, त्याला सोडलं. नाकुआची गंमत ही की त्याला सोडल्याबद्दल त्या शनिवारी आमच्यापैकी एकही जण ओरडला नव्हता. आम्ही ओरडत होतो ते किकरवर.

पैशाचा हिशोबही थोडा. पर्डीचा पहिला चार वर्षांचा करार सगळा मिळून साधारण ३७ लाख डॉलर्सचा होता. २०२५ च्या मे महिन्यात त्याला पाच वर्षांसाठी साडेसव्वीस कोटी डॉलर्सचा करार मिळाला. प्रत्येक संघाच्या पगाराला वरून मर्यादा असते, त्यामुळे क्वार्टरबॅक स्वस्तात होता तोवर बाकीच्यांना भरपूर देता येत होतं, आणि आता तो महाग झाल्यावर ती भर पुन्हा तळाच्या स्वस्त पोरांनीच काढायची आहे. म्हणजे आमची शनिवारची भांडणं येती पाच वर्षं तरी संपत नाहीत. पोह्यांचं प्रमाण वाढवावं लागणार.

यंदा मी एक केलंय. चौथ्या राउंडपासूनच्या सगळ्या नावांची यादी करून फ्रिजवर चिकटवली आहे. प्रत्येकाने आपल्या हस्ताक्षरात लिहायचं, ५३ मध्ये राहणार की नाही, आणि खाली तारीख टाकायची. त्या सहाव्या राउंडच्या पोरापुढे सोलापूरकरांनी 'शक्यच नाही' लिहून दोनदा अधोरेखित केलंय. नागपूरकराने शेजारी चांदणी काढलीय. माझा रकाना कोरा आहे, तो मी सराव सुरू झाल्यावर भरणार. यादी जाहीर होते ते दिवस गणपतीच्या आसपासचे, त्यामुळे मंडळी तशीही घरी येणार आहेत. हरेल त्याच्या घरी मिसळ, असं ठरलंय. सोलापूरकर हरले तर त्यांच्या घरी, पण कट मी करणार.