ईमची दफनवही आणि आपला नमुना चौदा

मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती 2023 साली नेमली गेल्यापासून महाराष्ट्रात जुन्या दप्तरांची फडकी सुटली. वाद मात्र एकाच प्रश्नापाशी अडलाय : 'कुणबी' नोंद सापडली की नाही? एका ओळीवर एवढा भार टाकावा का? इंग्लंडमधली पॅरिशची वही, म्हणजे गावच्या चर्चने ठेवलेली बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांची नोंदवही, वाचणारे तो टाकत नाहीत.

डर्बीशायरमधलं ईम गाव घ्या. 7 सप्टेंबर 1665ला जॉर्ज व्हिकर्स या शिंप्याच्या मदतनिसाचं दफन झालं, प्लेगचा पहिला बळी. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅनली यांनी गावाला शीव न ओलांडायला राजी केलं. नोव्हेंबरपर्यंत सुमारे 260 माणसं गेली. हा आकडा चर्चच्या वहीतला. पण वहीत मेलेल्यांची नावं आहेत, जिवंतांची मोजदाद नाही. गावाची वस्ती साडेतीनशे धरली तर तीन चतुर्थांश गाव संपलं. सातशेच्या वर धरली तर साधारण एक तृतीयांश. म्हणून वस्तीचा अंदाज यायला चुलींवरच्या कराची यादी शेजारी ठेवावी लागते.

वह्यांचे सापळे ठरलेले आहेत. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा वह्या ठेवण्याचा हुकूम 1538चा, तरी कित्येक गावांच्या वह्या 1558पासूनच सुरू होतात. कारण 1598 साली जुने कागद चर्मपत्रावर उतरवताना 'विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासून' (ती 1558ला गादीवर आली) अशी सूट मिळाली आणि आळशी पाद्र्यांनी आधीची वीस वर्षं सोडून दिली. 1752पूर्वी वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे वहीतला फेब्रुवारी 1665 हा आपल्या हिशेबाने 1666. शिवाय नोंद जन्माची नव्हे, बाप्तिस्म्याची. सरकारी चर्च न मानणाऱ्या क्वेकर पंथाची मंडळी त्यात नाहीतच. या बाबतीत सगळ्या जातिधर्मांचे जन्ममृत्यू टिपणारा आपला जुना गाव नमुना 14 सरस.

इंग्रजांचं शहाणपण नक्कल ठेवण्यात आहे. 1598पासून दरवर्षीची नक्कल बिशपकडे जायची. मूळ वही उंदरांनी खाल्ली तर नक्कल उरते, आणि दोन्ही ताडल्या की लेखनिकाची चूक सापडते. 1978च्या कायद्यानंतर शंभर वर्षांवरच्या वह्या जिल्हा अभिलेखागारात गेल्या. तिथे कुणीही वाचू शकतो.

आपल्याकडे कुणबी दाखला मागणाऱ्या अर्जदाराच्या हाती पडते ती प्रमाणित एक ओळ. मागचं-पुढचं पान, हस्ताक्षर, त्याच लेखनिकाने शेजारच्या घराला काय लिहिलं, हे दिसत नाही. मोडी वाचणाऱ्याने एक अक्षर चुकवलं तर ते ताडायचं कशाशी? ओळी वेचण्याआधी अख्खी वही, कोऱ्या पानांसकट, स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली करायला हवी.