फिलिपिन्समधील स्पॅनिश शिक्षण: हुकूम कोणाचा आणि अंमल कोणाचा

समाजमाध्यमांवर एक दावा पुन्हापुन्हा फिरत असतो: फिलिपिन्सच्या लोकांना अक्षरओळख स्पेनने करून दिली, हार्वर्डहून जुने विद्यापीठ दिले, १८६३ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण दिले; सबब स्पॅनिश राजवट ही मुळात ज्ञानदान करणारी होती. यातील सनावळ्या बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

अक्षरओळखीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. मनिलात १५९३ मध्ये छापलेल्या ‘डॉक्ट्रिना क्रिस्तियाना’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात तागालोग मजकूर रोमन लिपीबरोबरच बायबायिन या स्थानिक लिपीतही आहे. ती वाचणारे कोणी नसतेच, तर मिशनऱ्यांनी तिचे लाकडी ठसे कोरण्याचा खटाटोप कशासाठी केला असता? आंतोनियो दे मोर्गा हा स्पॅनिश अधिकारी १६०९ मध्ये नोंदवतो की जवळपास सर्व स्त्रीपुरुषांना ही लिपी लिहिता येते. यात अतिशयोक्ती धरली तरी निरक्षर बेटांचे चित्र उरत नाही.

मनिलातील सांतो तोमास विद्यापीठ १६११ चे आणि हार्वर्ड १६३६ चे, हे खरेच. परंतु धर्मगुरू घडवण्यासाठी डोमिनिकन या कॅथलिक धर्मसंघाने काढलेली ती संस्था सुरुवातीच्या काळात प्रामुख्याने स्पॅनिश घराण्यांतील मुलांसाठी होती. तिच्या वयावरून गावोगावच्या शेतकऱ्यांच्या शिक्षणाविषयी काहीच कळत नाही.

खरी गोम १८६३ च्या फर्मानात आहे. प्रत्येक गावात मुलांची एक व मुलींची एक शाळा असावी, शिकवणे स्पॅनिशमधून व्हावे आणि शिक्षक मनिलातील जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या अध्यापक विद्यालयात तयार व्हावेत, अशी त्याची योजना कागदावर चांगली होती. मात्र शाळांची स्थानिक देखरेख गावच्या पाद्रीकडे सोपवली गेली, आणि हा पाद्री बहुतेक ठिकाणी स्पॅनिश मठवासी असे. स्पॅनिश शिकवा, असे राजाज्ञांनी याआधीही वारंवार बजावले होते. गोव्यात पोर्तुगीजांनी १६८४ मध्ये कोंकणी सोडण्याचा हुकूम काढला. फिलिपिन्समध्ये नेमके उलटे घडले. मठवासी स्वतः स्थानिक भाषा शिकले आणि लोकांना स्पॅनिशपासून दूर ठेवून सरकार व रयत यांच्यामधील दुभाषे बनून राहिले. त्यांच्या सत्तेचे मूळ बऱ्याच अंशी याच मक्तेदारीत होते.

मग होसे रिझाल या फिलिपिनो लेखक-राष्ट्रवाद्यासारखे उच्चशिक्षित कसे निपजले, असा प्रश्न हमखास येतो. मनिला बंदर १८३४ मध्ये परकीय व्यापाराला खुले झाल्यावर साखर व अबाका (दोरखंडांसाठी वापरला जाणारा तंतू) यांच्या उत्पन्नावर सधन झालेल्या घराण्यांना मुलांना मनिलात आणि पुढे माद्रिदला पाठवणे परवडू लागले. हा खर्च घरच्यांचा होता, सरकारचा नव्हे.

मनिलाजवळच्या मालोलोस गावचे प्रकरण इथे बोलके आहे. १२ डिसेंबर १८८८ रोजी तेथील वीस तरुणींनी गव्हर्नर जनरल वेलर यांच्या हाती अर्ज दिला. मागणी एवढीच, की स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रशाळा काढू द्यावी. या मुली सुखवस्तू घरांतल्या होत्या आणि फर्मानाला पंचवीस वर्षे उलटली होती, तरीही गावच्या पाद्रीने विरोध केला आणि परवानगी अडली. अखेर १८८९ मध्ये ती मिळाली, पण वर्ग दिवसाच भरवावेत आणि खर्च मुलींनीच सोसावा, या अटींवर. शाळा सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली.