उंची वाढवून पोलीस व्हा, म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. तोच मेसेज लातूरमधल्या भरती अकादम्यांच्या ग्रुपवरही फिरतोय, असं नंतर कळलं. मजकूर थोडक्यात असा: "उंची कमी म्हणून भरतीत बाद? आता चिंता सोडा. अमेरिकेत शोधलेल्या नव्या लेझर तंत्राने ३ महिन्यांत ३ ते ६ इंच उंची वाढवा. दुखत नाही, दुसऱ्या दिवशी चालत घरी. कसलाही धोका नाही. पोलीस आणि सैन्य भरतीत चालते. लग्नाची अडचणही दूर. फक्त ६ लाख, हप्त्याची सोय." खाली एका पोराचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि एक मोबाइल नंबर.

माझा भाचा बारावी झाल्यापासून पोलीस भरतीची तयारी करतोय. उंची १६३ सेंटिमीटर. शिपाई पदासाठी पुरुषांना किमान १६५ लागते. त्याचा फोन आला, "मावशी, हे खरंय का? बाबा पैशाचं बघायलेत." दाजींनी रान गहाण टाकायची बोलणी सुरूसुद्धा केली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातात हाडाचा तुकडा गेलेले, पायाला रिंगा बसवलेले पेशंट माझ्याकडे कायम असतात. हे ऑपरेशन म्हणजे काय हे मला जवळून माहीत आहे, म्हणून त्या मेसेजचा राग जास्त येतो.

आधी त्यातलं खरं काय तेवढं सांगते. मोठ्या माणसाच्या पायाचं हाड ऑपरेशनने लांब करता येतं, यात खोटं काही नाही. पण ते ना नवं, ना अमेरिकेचं, ना लेझरचं. सैबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रील इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली. उंच उडीत १९६४चं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातात पाय चिरडून बसला होता. त्याचा पाय इलिझारोव्हनी बरा केला, तेव्हा रशियाभर त्यांचं नाव झालं. पोलिओने एक पाय आखूड राहिलेले, हाड वाकडं जुळलेले, अपघातात हाडाचा तुकडाच रस्त्यावर राहिलेले, अशा लोकांना या पद्धतीने पुन्हा उभं केलं आहे. त्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. धडधाकट पोराचे दोन्ही पाय दोन सेंटिमीटरसाठी तोडणं ही वेगळी गोष्ट आहे.

"तोडणं" हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण मेसेजमध्ये तो कुठेच नाही. "दुखत नाही, दुसऱ्या दिवशी चालत घरी" असं लिहिणाऱ्याने ऑपरेशन सांगितलंच नाही. दोन्ही पायांचं हाड कापतात, गुडघ्याखालचं किंवा मांडीचं. कापलेल्या भागाच्या वर आणि खाली हाडातून तारा आणि खिळे आरपार घालून ते बाहेरच्या लोखंडी रिंगांना बांधतात. नव्या पद्धतीत हाडाच्या आत लांब होणारी सळई घालतात. पाच ते सात दिवस थांबायचं आणि मग रोज १ मिलिमीटर ताणायचं. तेही एका दमात नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. दोन तुकड्यांमध्ये जी फट पडते, तिच्यात नवं कोवळं हाड धरतं. हाड रोज मिलिमीटरभर सरकतं तेव्हा त्याच्याभोवतीचे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, कातडी, सगळं तेवढंच ताणलं जातं. हाडाला वाढायची सवय लवकर लागते, पोटरीच्या स्नायूला लागत नाही. टाच वर उचलली जाते, जमिनीला टेकत नाही. गुडघा वाकेनासा होतो. तो वाकावा म्हणून रोज आमच्यासारख्यांनी तो ताणून घ्यायचा असतो, आणि पेशंट उशी दाताखाली धरतात. गोळ्या देऊनही रात्रीची झोप येत नाही, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो.

आता "३ महिने". हा आकडा कुठून आला ते मला कळतं. रोज १ मिलिमीटर म्हणजे ९० दिवसांत ९ सेंटिमीटर, साधारण साडेतीन इंच. म्हणजे हा फक्त ताणण्याचा काळ झाला, तोही एकदाही न थांबता. फटीतलं कोवळं हाड पक्कं होऊन अंगाचं वजन पेलायला लागेपर्यंत त्याच्या दुप्पट काळ जातो, कधी त्याहून जास्त. बाहेरून रिंगा असतील तर सेंटिमीटरला किमान महिना असा हिशेब धरतात, मोठ्या माणसात त्याहूनही अधिक. पाच सेंटिमीटर वाढवायचे तर रिंगा पाच-सात महिने पायात. नंतर चालणं पुन्हा शिकायचं. वर्ष गेलं म्हणून समजा. आणि ६ इंच म्हणजे १५ सेंटिमीटर. गुडघ्याखालच्या हाडात साधारण ५ आणि मांडीच्या हाडात ८ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे ६ इंचांसाठी चारही हाडं कापायची, वेगवेगळ्या टप्प्यांत, आणि तरी आकडा पुरा होत नाही.

"कसलाही धोका नाही" याला मी माझं मत सांगत बसत नाही. ड्रॉर पेली हे नाव हाडं लांब करण्याच्या क्षेत्रात जगभर मानलं जातं. ते या पद्धतीचे विरोधक नाहीत, आयुष्यभर हेच ऑपरेशन करत आले आहेत. त्यांनी १९९० साली आपल्याच पेशंटांचा हिशेब छापला. ४६ पेशंट, हातापायांची ६० हाडं लांब केली. त्यात ३५ वेळा असा त्रास झाला जो बिनऑपरेशनचा निस्तरला. ११ वेळा असा अडथळा आला की पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. आणि २७ वेळा खरी गुंतागुंत झाली, त्यातली १० गंभीर. ६० हाडांमागे ७३ भानगडी. हेही सांगते की ६० पैकी ५७ हाडांत ठरवलेलं काम शेवटी झालं, आणि बहुतेक पेशंट समाधानी होते. मात्र त्यांचे पेशंट आधीच दोष असलेले होते. ज्याचा एक पाय चार इंच आखूड आहे तो हा त्रास सोसून नफ्यात येतो. ज्याचे दोन्ही पाय उत्तम पळतात, त्याने कशाच्या बदल्यात सोसायचं?

आतल्या सळईने रिंगांचा त्रास कमी झाला आहे, खिळ्यांच्या तोंडाशी पू होणं टळतं, हे खरं आहे. पण तिच्यातही धोके आहेतच. हाडाची पोकळी कोरताना चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकतात, आणि दोन्ही मांड्या एकाच वेळी केल्या तर ही भीती जास्त. लगेच पूर्ण वजन टाकता येईल म्हणून गाजलेली स्ट्राइड नावाची सळई शरीरात गंजत असल्याचं आणि भोवतालचं हाड खात असल्याचं दिसलं, तेव्हा २०२१ मध्ये कंपनीला ती बाजारातून परत घ्यावी लागली. चीन सरकारने तर केवळ उंचीसाठी हे ऑपरेशन करण्यावर २००६ मध्येच बंदी घातली, कारण पोरं अधू व्हायला लागली होती.

आता ज्या ओळीसाठी दाजी रान गहाण टाकायला निघाले, तिच्याकडे येते. "पोलीस आणि सैन्य भरतीत चालते." या सगळ्या मेसेजमधली सर्वांत दुष्ट ओळ हीच आहे, कारण ती लिहिणाऱ्याला आपल्या पोरांची नड नेमकी माहीत आहे. पाऊस हुकला की सोयाबीन जातं, शिकून नोकरी नाही, आणि वर्दी हा एकच रस्ता घरातल्या सगळ्यांना दिसतो. पहाटे पाचला लातूरच्या, नांदेडच्या, बीडच्या मैदानांवर जा. थंडीत धावणाऱ्या त्या शेकडो पोरांना कुणी पैसे देऊन आणलेलं नाही. त्यांच्यापाशी असलेलं भांडवल म्हणजे त्यांचे पाय.

पोलीस शिपाई भरतीत उंचीला एकही गुण नाही. ती फक्त दारावरची अट आहे. मैदानी चाचणीचे गुण ५०. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण सरळ पळण्याचे. १६०० मीटरचे पूर्ण २० गुण घ्यायचे तर ५ मिनिटं १० सेकंदांत यायला हवं. मैदानात किमान निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचा विचारच नाही. आता सांगा, ज्याच्या पोटरीचे स्नायू ताणून टाच वर गेली, ज्याचा गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, ज्याच्या पायात सळई आहे, तो १०० मीटर कसा पळणार? काही जण पुढे पळतात, मी नाकारत नाही. पण पूर्वीसारखंच पळशील असं वचन कोणताही प्रामाणिक सर्जन देणार नाही. आमचा भाचा १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतो. त्याला दोन सेंटिमीटर देऊन हेच काढून घ्यायचं?

आणि पुढे वैद्यकीय तपासणी आहे. तिथे डॉक्टर उमेदवाराला उभं करून, वाकवून, बसवून बघतात. दोन्ही पायांवरचे व्रण लपत नाहीत आणि एक्स-रेत सगळं दिसतं. सैन्यात तर हाडात धातूची सळई किंवा पट्टी असलेला उमेदवार अपात्र ठरतो. सळई काढायची म्हणजे आणखी एक ऑपरेशन, आणखी काही महिने. तोवर वय पुढे सरकतं. खुल्या गटाला पोलीस भरतीत वयाची मर्यादा २८ आहे, आणि भरती दरवर्षी निघतेच असंही नाही. ज्या पोराचं एक वर्ष पलंगावर गेलं त्याच्या हातातून कदाचित एक अख्खी भरती गेली.

पैशाचं दाजींना मी फोनवर मांडून दाखवलं. मेसेजमधले ६ लाख धरले तरी त्यात पुण्यात किंवा हैदराबादेत महिनोन्महिने खोली घेऊन राहणं नाही. सतत एक्स-रे, रोजची फिजिओथेरपी, सोबतीला बसणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी नाही. काही बिघडलं तर पुढच्या ऑपरेशनचा खर्च कोण देणार, त्याबद्दल एक अक्षर नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि मोंढ्यात तो मिळतोच असं नाही. ६ लाख म्हणजे ११२ क्विंटल. दाजींचं रान तीन एकर. एकरी सात क्विंटल निघालं, तर बियाणं, खत, फवारणी, काढणीचा एक रुपयाही वजा न करता पाच वर्षांहून जास्त काळाचं सगळं पीक. त्यात हप्त्याचं व्याज धरलेलं नाही.

लग्नाच्या अडचणीवर फार बोलत नाही. आपल्याकडे पोरांची लग्नं अडली आहेत ती शेतीला पाणी नाही आणि हाताला नोकरी नाही म्हणून. गहाण पडलेलं रान आणि काठीवर चालणारा नवरदेव दाखवल्याने स्थळ येणार नाही. फोटोंबद्दल एवढंच, की एका फोटोत पोरगा चपलेवर आणि दुसऱ्यात जाड तळाच्या बुटांवर उभा आहे. झूम करून बघा.

२०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुणाने घरच्यांना कळू न देता हे ऑपरेशन करून घेतलं. पोरगा कुठे गेला म्हणून आई-वडील शोधत होते आणि तो दवाखान्यात पायांची हाडं कापलेल्या अवस्थेत सापडला. ती बातमी तेव्हा खूप गाजली. तुमच्या घरात कुणी उंचीपायी खचलेला असेल तर त्याला रागावू नका, फोन हिसकावू नका. त्याच्याशी बोला, आणि त्याने कुणाशी व्यवहार तर केला नाही ना, ते विचारा.

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, उंची सकाळी उठल्याबरोबर अनवाणी मोजून बघ. दिवसभर उभं राहून मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो. त्याने त्याची उंची अकादमीत संध्याकाळच्या सरावानंतर मोजली होती. सकाळी मोजल्याने १६३ चे १६५ होतील असं मी म्हणत नाही, पण खरा आकडा हातात असावा. दुसरी, वनरक्षकाची जाहिरात बघ. तिथे पुरुषांना उंची १६३ लागते. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यातला एक विषय हवा, त्याला भूगोल होता. आणि पळायचं ५ किलोमीटर, ३० मिनिटांच्या आत. कालपासून तो १६०० मीटरऐवजी ५ किलोमीटरचा सराव करायलाय, आणि दाजींनी सावकाराला नको म्हणून कळवलं आहे.