इंग्रजी सुधारायचंय? आधी मराठीकडे बघा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. पटसंख्या घसरतेय, तर पहिलीपासून सगळे विषय इंग्रजीत करा आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या पोराला दहा रुपये दंड लावा, म्हणजे इंग्रजी आपोआप येईल, असं बाकीच्यांचं म्हणणं. मी विरोध केला तर लगेच उत्तर आलं, तू तिकडे इंग्लंडात लीड्सला बसून सांगू नकोस, तुझी पोरगी फाडफाड इंग्रजी बोलते. बोलते ना. म्हणूनच सांगतेय की आपोआप काही येत नाही.

ती रिसेप्शनमध्ये, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्याच वर्गात होती तेव्हा तिच्या बुक बॅगमधून रोज नवे ध्वनी घरी यायचे. पुढच्या वर्गात, इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्स चेक, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचता येतं का याची चाचणी असते, 2012 पासून आहे. 40 शब्द वाचायचे, त्यातले 20 चक्क बनावट, काहीच अर्थ नसलेले, म्हणजे पोर पाठांतरावर वाचतंय की ध्वनी जोडून वाचतंय ते कळतं. जन्मापासून इंग्रजी ऐकणाऱ्या पोरांसाठी हे लोक एवढं करतात. आपल्याकडे रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि अजूनही कितीतरी वर्गांत सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर एवढंच चालतं.

मी संध्याकाळी कम्युनिटी सेंटरवर ईएसओएलच्या, म्हणजे दुसरी भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवायच्या वर्गाला मदत करते, तिथे आपली माणसं येतात. जळगावच्या एका दादांनी 'पार्क' म्हटलं की समोरच्या बाईंना 'बार्क' ऐकू यायचं. बिचारे जोरजोरात तेच म्हणायचे. कारण साधं आहे, शब्दाच्या सुरुवातीच्या प वर इंग्रज माणूस हवेचा झोत सोडतो, जवळजवळ फणसातल्या फ सारखा, आणि आपला प कोरडा, तो त्यांच्या कानाला ब वाटतो. पण प आणि फ चा फरक मराठी पोर बोलायला लागल्यापासून करतं! ही गोष्ट त्याच्याजवळ आधीच आहे, फक्त मास्तरांनी दाखवायला हवी. दादांना तोंडासमोर कागदाचा कपटा धरायला लावला, तो हलेपर्यंत 'पार्क' म्हणायचं, आणि त्याच संध्याकाळी जमलं. हे ध्वनिशास्त्र. मराठीवर दंड लावून हे कसं शिकवणार, सांगा.

व्याकरणाचंही तेच. मराठीत 'द' सारखं काही नाही म्हणून आपण तो गाळतो, 'मला माहीत आहे' मधला 'आहे' डोक्यात असतो म्हणून 'आय ॲम नोइंग' होतं. चुका ठरलेल्या असतात, शिकणाऱ्याच्या चुकांना एक व्यवस्था असते हे पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानं 1967 मध्येच मांडलंय. लाल पेनानं गोल करण्यापेक्षा ती चूक मराठीतल्या कुठल्या सवयीतून आली ते बघा ना.

आणि बोलण्याची रीत? कोल्हापूरच्या एक काकू जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या रिसेप्शनवर म्हणाल्या, 'आय वॉन्ट अपॉइंटमेंट टुडे.' समोरच्या बाईचा चेहरा एकदम ताठ झाला. काकू तर मनात 'आज जरा बघता का हो' असंच म्हणत होत्या. आपला आदर क्रियापदात आणि त्या 'हो' मध्ये असतो, इंग्रजीत तो 'कुड आय' मध्ये ठेवावा लागतो. याचा अभ्यास करणारी वेगळी शाखाच आहे, प्रॅग्मॅटिक्स, पण आपल्या पाठ्यपुस्तकात 'प्लीज लावा' एवढ्यावर ती संपते.

आणि हे सगळं परदेशातून आणायला नको. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी 1979 ते 84 मध्ये बंगलोरकडच्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे असली कोडी सोडवायला देऊन इंग्रजी शिकवलं, आणि आज इथे इंग्लंडात इंग्रजी शिकवणाऱ्यांना ते नाव अभ्यासाला असतं. पुण्यात भाषाशास्त्र शिकवणारं डेक्कन कॉलेज आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी 1958 मध्ये कॉर्नेलला पीएचडी केली ती मराठीच्या ध्वनींवर आणि शब्दरचनेवर. ज्यांच्याकडे हे होतं त्यांच्या गावात दहा रुपये दंडाची भाषा चालते याचा मला खरंच राग येतो.

राग माझ्या घरातूनही येतो, ते लपवत नाही. माझी मुलगी 'शाळा'ला 'शाला' म्हणते. आजीशी फोनवर दोन वाक्यं झाली की इंग्रजीत घसरते, आणि आजी 'बरं बरं' म्हणून फोन माझ्याकडे द्यायला सांगते. इथे मीटिंगमध्ये मला अजून दुसऱ्यांदा सांगावं लागतं, आणि साताऱ्याला गेले की रिक्षावाला विचारतो, बाहेरून आलात का? त्यामुळे तुमच्या वर्गातल्या पोराच्या तोंडात तो ळ शाबूत आहे ना, ते मला इथून फार मोठं दिसतं. ते तुम्ही दंड लावून घालवायला निघालात.

दंडाचे पैसे राहू द्या. डीएडला, आताच्या डीएलएडला, मराठीच्या ध्वनींचा आणि वाक्यरचनेचा एक पेपर ठेवा, आणि इंग्रजीच्या मास्तरांनाच तो सक्तीचा करा. ग्रुपवर मी हेच लिहिलंय, अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.