सातव्या महिन्यात डॉक्टर बदलला तर? फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

परवा रात्री भाचीने मला एक मेसेज पाठवला आणि लगेच फोन केला. तिला २९वा आठवडा चालू आहे. “मावशी, आता उशीरच झाला ना गं?” एवढंच म्हणाली. तिच्या डॉक्टरांशी तिचं जमत नाही हे मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. काही विचारलं की ‘तुम्ही नका डोकं चालवू’ असं उत्तर मिळतं. म्हणून हल्ली ती प्रश्न घरीच ठेवून तपासणीला जाते.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘पोटात बाळ असताना डॉक्टर कधीही बदलू नका’ असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. डॉक्टर बदलला की सगळं शून्यापासून सुरू होतं. सातव्या महिन्यानंतर कुणी केस घेत नाही. सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. आधीच्या डॉक्टरांचा अपमान होतो. शेवटी सगळे डॉक्टर सारखेच. आणि शेवटी, लाल अक्षरांत, बदलामुळे बाळाच्या जिवाला धोका असतो.

मी १७ वर्षं लेबर रूममध्ये नर्स आहे. हा मेसेज वाचून बायका गप्प बसतात, सहन करतात, आणि कधी कधी ज्या गोष्टीची खरी काळजी घ्यायला हवी ती राहूनच जाते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सगळं शून्यापासून सुरू होतं.’

कागद नसतील तर होतं. असतील तर होत नाही. एका संध्याकाळी ३६ आठवड्यांची एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याची बदली झाली होती, आदल्याच दिवशी सामान हललं होतं. तिने प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर रिकामी केली. औषधांची बिलं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, दोन-तीन रिपोर्ट, आणि अगदी तळाशी चार घड्या घातलेला नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीचा कागद. डॉक्टरांनी बाकी सगळं बाजूला सारलं आणि तो कागद तळहाताने सपाट केला. त्यावरून तारीख मोजली, मग ताज्या सोनोग्राफीवरची तारीख बघितली. दोन्हींत १७ दिवसांचा फरक होता. मशीनच्या हिशोबाने तिला जेमतेम साडेतेहेतीस आठवडे भरत होते.

हा फरक का पडतो ते समजून घ्या, कारण डॉक्टर बदलताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर असते. त्या वेळी सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात. २८ आठवड्यांनंतर तीच मोजणी तीन आठवड्यांनीसुद्धा चुकू शकते. मशीनला बाळाचं वय कळत नाही, फक्त आकार कळतो. बाळाची वाढ मंदावली असेल तर मशीन त्याला ‘लहान वयाचं’ ठरवतं, आणि तारीख पुढे ढकलली की वाढीचा दोष दिसेनासा होतो. त्या बाईच्या बाबतीत नेमकं तेच होतं. वाढ खुंटली होती. जुना कागद होता म्हणून ते त्याच दिवशी लक्षात आलं, डॉप्लर (बाळाकडे जाणारा रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) झालं, रोज लक्ष ठेवलं आणि ३७ आठवड्यांना बाळ सुखरूप बाहेर काढलं. २ किलो १०० ग्रॅमचं होतं. त्या कागदाशिवाय ‘अजून महिना-दीड महिना आहे’ म्हणून तिला घरी पाठवलं गेलं असतं.

म्हणून पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी जिवापाड जपा. त्याच्याबरोबर आणखी काही कागद असे आहेत की ते हरवले तर नवे डॉक्टर कितीही हुशार असले तरी त्यांना ती माहिती परत मिळवता येत नाही. २० आठवड्यांच्या आतलं बीपी हे त्यातलं एक. गरोदरपणाच्या मध्यावर बीपी आपोआप थोडं उतरतं, त्यामुळे नंतर वाढलेलं बीपी जुनंच आहे की गरोदरपणामुळे आलंय हे ठरवायला सुरुवातीचा आकडा लागतो. जुळी असतील तर दोघांची वार (प्लासेंटा) एकच आहे की वेगवेगळी, हे १४ आठवड्यांच्या आत स्पष्ट दिसतं, पुढे सांगणं अवघड होत जातं. एका वारेवरच्या जुळ्यांवर दर दोन आठवड्यांनी नजर ठेवावी लागते, म्हणजे हा साधा तपशील नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन कुठल्या तारखेला दिलं ते हवं, कारण त्यानंतर काही आठवडे रक्ताच्या तपासणीत त्या इंजेक्शनमधल्याच अँटीबॉडी दिसतात आणि तारीख माहीत नसलेला डॉक्टर उगाच काळजीत पडतो. आणि आधी सिझेरियन झालं असेल तर त्या ऑपरेशनची नोट. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पोटावरची खूण आडवी आहे म्हणून गर्भाशयावरचा छेदही आडवाच घेतलाय असं समजता येत नाही, आणि तो वरच्या भागात उभा घेतलेला असेल तर पुढच्या वेळी कळांची वाट बघणं धोक्याचं असतं.

‘सातव्या महिन्यानंतर कुणी केस घेत नाही.’

काही ठिकाणी ठरावीक आठवड्यांनंतर नवीन नोंदणी घेत नाहीत, हे खरं आहे. म्हणून आधी फोन करून विचारावं. पण ‘कुणीच घेत नाही’ हे खोटं आहे. आमच्याकडे अशा बायका कायम येतात. आणि उशिराचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात किमान आठ भेटी व्हाव्यात असं सांगितलं : १२व्या आठवड्यापर्यंत पहिली, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४०. मोजून बघा. २९व्या आठवड्यात डॉक्टर बदलणाऱ्या बाईच्या आठातल्या पाच भेटी अजून बाकीच असतात. बाळाचं डोकं खाली आहे का, वार वर सरकली का, बीपी चढतंय का, हे सगळं या पाचांतच ठरतं.

तपासण्यांचा मुद्दा थोडक्यात. अनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना हे बघणारी सोनोग्राफी) १८ ते २२ आठवड्यांत एकदा नीट झाला असेल तर डॉक्टर बदलला म्हणून तो परत करायचं कारण नाही. हिमोग्लोबिन, लघवी, बीपी हे जुन्या डॉक्टरांकडेही परत परत होणारच होतं. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत सगळ्यांचीच होते. विसाव्या आठवड्यात वार खाली दिसली असेल तर साधारण ३२ला परत बघावंच लागतं. यातलं काहीही ‘बदलल्याचा दंड’ नाही.

‘आधीच्या डॉक्टरांचा अपमान होतो.’

हा मुद्दा वाचून मला माझंच दुसरं गरोदरपण आठवलं. पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून सिझेरियन झालं होतं. दुसऱ्या वेळी ३०व्या आठवड्यात डॉक्टरांनी डायरी उघडली आणि ऑपरेशनची तारीख सांगितली. पहिलं सिझेरियन कशासाठी झालं होतं, हे विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, “कळांची वाट बघता येईल का?” ते लिहीत राहिले. मान वर न करता म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला तरी हे माहीत असायला हवं.” मी रोज दुसऱ्या बायकांसाठी डॉक्टरांशी बोलणारी, पण त्या खुर्चीत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाहेर येऊन फाइल मांडीवर घेऊन किती तरी वेळ बाकावर बसले होते.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिली मागितली ती जुन्या ऑपरेशनची नोट. ती आणायला मला दोन हेलपाटे पडले. ज्यांना सोडत होते त्या डॉक्टरांकडेही कागदांच्या प्रती मागितल्या. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि ‘काळजी घ्या’ म्हणाले. ज्याला मी आठवडाभर घाबरत होते तो अपमान एवढाच. त्यांच्या दिवसभरातला दीड मिनिटाचा प्रसंग होता तो.

नव्या डॉक्टरांनी नोट वाचली आणि नीट समजावलं. एकच आडवा, खालचा छेद असेल तर प्रयत्न करणाऱ्या १००पैकी ६० ते ८० जणींची प्रसूती नॉर्मल होते. साधारण २००मध्ये एकीचा जुना टाका उसवतो, आणि तो उसवला तर मिनिटांत ऑपरेशन करावं लागतं, म्हणून थिएटर आणि भूलतज्ज्ञ रात्रीही हाताशी असतील अशाच ठिकाणी हा प्रयत्न करायचा. दोन्ही बाजू सांगून त्या थांबल्या आणि ठरवायला मला आठवडा दिला. मी कळांची वाट बघायचं ठरवलं. कळा आल्या, ११ तास झाले, पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटरला अडलं आणि शेवटी सिझेरियनच झालं. मला त्या बदलाचा एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. त्या ११ तासांत काय चाललंय आणि का, हे दर तासाला कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

म्हणूनच ‘शेवटी सगळे डॉक्टर सारखेच’ हे वाक्य मला अर्धंच पटतं. वारेने गर्भाशयाचं तोंड पूर्ण झाकलं असेल तर कुठल्याही दाराला गेलात तरी सिझेरियनच सांगतील, आणि सांगायलाच हवं. तिथे डॉक्टर बदलून उत्तर बदलत नाही. हवं ते उत्तर मिळेपर्यंत महिन्यात तीन दवाखाने करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांचं बीपी तीन ठिकाणी तीन कागदांवर असतं आणि ते चढत चाललंय हे कुणाच्याच लक्षात येत नाही. पण बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा दिसला, एवढ्याच कारणावर सिझेरियनची तारीख मिळाली असेल तर दुसरं मत जरूर घ्या. असा वेढा चार-पाच बाळांमागे एकाला जन्मताना असतोच आणि बहुतेक वेळा सुइणीच्या किंवा डॉक्टरांच्या बोटाने तो सोडवला जातो. बाळ बाहेर येताना योनिमार्गाच्या तोंडाशी सरसकट छेद देऊन टाके घालणं, कळांच्या वेळी सोबतीला आपलं माणूस येऊ न देणं, यातही डॉक्टर-डॉक्टरांत खूप फरक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत सरसकट छेद नको आणि बाईच्या पसंतीची सोबत हवी, असं स्पष्ट आहे. हे प्रश्न आधी आहेत त्याच डॉक्टरांना विचारा. ‘याऐवजी दुसरं काय करता येईल?’ आणि ‘थोडं थांबलो तर काय होईल?’ नीट उत्तर मिळालं तर बदलायची गरजच उरत नाही, आणि तसं पुष्कळदा होतं. दुसरं मत घेऊन पुन्हा पहिल्याच डॉक्टरांकडे परत येणंही अगदी रास्त आहे.

राहिला लाल अक्षरांतला मुद्दा, बाळाच्या जिवाचा.

एकाच माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं तर चांगलं, यात वाद नाही. जमत असेल तर तिथेच राहा. पण डॉक्टर बदलण्यानेच बाळाला धोका होत असता तर डॉक्टरांनी स्वतः पेशंट दुसरीकडे पाठवलेच नसते. ३० आठवड्यांना कळा सुरू झाल्या आणि आपल्याकडे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नसेल, तर चांगला डॉक्टर बाळ जन्मायच्या आत आईला मोठ्या हॉस्पिटलात हलवतो. आईच्या पोटातून गेलेलं बाळ हे जन्मल्यावर रुग्णवाहिकेतून गेलेल्या बाळापेक्षा सुरक्षित असतं, म्हणून. तिथे ऐन वेळी, अनोळखी डॉक्टरांच्या हाती बाळंतपण होतं आणि त्यानेच बाळ वाचतं.

मी धोका पाहिलाय तो मधल्या खंडात. जुन्यांकडे जायचं सोडलं, नव्यांकडे अजून गेलो नाही, आणि पाच आठवडे बीपीच कुणी बघितलं नाही. नव्या डॉक्टरांनी एकदा तपासून फाइलवर नाव लिहीपर्यंत जुनी भेट चुकवायची नाही. या एका गोष्टीबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळही नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भाचीला मी सांगितलं की ३०व्या आठवड्याची तपासणी ठरल्या तारखेला जुन्यांकडेच कर आणि तिथूनच सगळ्याच्या प्रती घे. आणि मधल्या दिवसांत बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, अंगावरून लाल गेलं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर जुने की नवे हा विचार करत बसायचं नाही. रात्री थिएटर चालू असतं अशा सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलात निघायचं. तिने फाइल कापडी पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवली आहे. नवव्या आठवड्याची सोनोग्राफी सगळ्यात वर, आणि तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत नव्या डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न.